पाठ न लागता हरलेली कुस्ती

गेल्या दिवाळीत एका अंकात माझ्याविषयी चार परिच्छेद छापून आले. लेखक तरुण आहेत, लिहितात चांगले, आणि त्या सायंकाळी ते अकोल्यात नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, मातीतल्या कुस्तीत हयात घालवलेला एक वृद्ध पंच नव्या खेळाच्या वेगाने गांगरला आणि त्याने हनीफ पहिलवानाची जिंकत आलेली लढत मध्येच थांबवली. वृद्ध, हे खरे. बाकीचे खरे नाही. या अंकाच्या संपादकांनी ‘उत्तर देणार का’ असे विचारले, तेव्हा मी म्हटले, उत्तर कशाला? घडले ते क्रमाने सांगतो. उत्तर त्यातच येईल.

मी अमरावतीच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. शाळेबाहेरचे माझे आयुष्य पंचगिरीत गेले: आधी कुस्तीचा पंच, पुढे ज्युदोचाही. हे दुसरे वाक्य माझे टीकाकार नेहमी गाळतात, कारण ते गाळल्याखेरीज मला ‘मातीतला म्हातारा’ ठरवता येत नाही. ज्युदोत गळ्याची पकड असते. ती कशी बसते, किती वेळात परिणाम करते आणि पंचाने केव्हा हात घालायचा, हे मला पिंजऱ्यातला खेळ वऱ्हाडात येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते.

पंचाचे काम बाहेरून सोपे दिसते. शिट्टी, पांढरा सदरा आणि शेवटी एकाचा हात वर करणे. प्रत्यक्षात पंच हा आखाड्यातला एकमेव माणूस असतो ज्याने खेळ पाहायचा नसतो. प्रेक्षक डाव पाहतात, चेहरे पाहतात. चेहरा पाहणारा पंच फसतो, कारण पहिलवानाचा चेहरा प्रेक्षकांसाठी असतो. मी बोटे पाहतो. हाताची बोटे पकड शोधत असतील, पायाची बोटे जमिनीत रुतत असतील, तोवर माणूस लढतो आहे. बोटे सैल पडली की तो लढत नाही, मग त्याचा चेहरा काहीही सांगो.

मी तमाशाचा शत्रू आहे, असाही एक प्रवाद आहे. तोही खोडून काढतो. कुस्तीत तमाशा नसता तर कुस्ती कोणी पाहिली नसती. शड्डू ठोकणे म्हणजे दुसरे काय? डफड्याच्या तालावर आखाड्याला फेरी मारणे म्हणजे काय? आणि या कलेत हनीफइतका तयार माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. चांदूर रेल्वेच्या एका आम दंगलीत तो जोड लागल्यावर सरळ प्रेक्षकांकडे गेला. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. हनीफ त्यांच्यापुढे वाकला आणि म्हणाला, “काका, कोन्त्या डावावर पाडू?”

काकांना वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. ते म्हणाले, “पाड लेका ढाकेवर. जमते का?”

“तुमी सांगतलं म्हनल्यावर जमाच लागते नं जी!”

आणि त्याने ढाकेवरच पाडले. समोरचा गडी काही लेचापेचा नव्हता. ढाक येणार हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेही होते. तरी तो पडला. त्या दिवसापासून हनीफची कुस्ती म्हटली की लोक डाव सांगण्यासाठी पुढची जागा धरू लागले. मी त्याला कधी अडवले नाही. माझा नियम एवढाच होता, की सलामीला हात जुळले की तमाशा संपला. तिथून पुढे फक्त कुस्ती.

हा नियम ज्यांना पटत नसे त्यांत विजूभाऊ पहिले. विजूभाऊ मंडप आणि ध्वनिक्षेपकांचे कंत्राटदार. आसपासच्या तालुक्यांतली निम्मी लग्ने आणि बहुतेक दंगली त्यांच्या मंडपाखाली झाल्या. धामणगावच्या एका दंगलीत दोन नावाजलेले मल्ल आधीच ठरवून आले होते. एकाने उचलायचे, दुसऱ्याने हवेत पाय झाडायचे, मग अदलाबदल. अशा कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. मी दोघांनाही मातीबाहेर काढले आणि कुस्ती रद्द केल्याचे जाहीर केले. विजूभाऊ धावत आले. “सर, काहून थांबवली? पब्लिकले मजा येऊन राह्यली होती!”

“मजा येत होती ना? मग तिला कुस्ती म्हणू नका. नाच म्हणा, मी उठून घरी जातो.”

“तुमी ना सर, बिनमिठाचं वरन हा!”

पुढे दंगलीच आटल्या. पिकांचे हंगाम एकामागून एक वाया गेले, आणि गावोगावच्या जत्रा समित्यांनी सर्वांत आधी जे वगळले ते कुस्त्यांचे मैदान. त्यांना मी दोष देत नाही. ज्या गावात चार दिवसांपूर्वी कर्जात बुडालेल्या एखाद्या घरातून प्रेत निघालेले असे, तिथे डफडे कोण वाजवणार? लग्ने लहान झाली, विजूभाऊंचे मंडप गोदामात पडून राहिले. हनीफसारखे मल्ल अंगाने तयार आणि हाताने रिकामे झाले. हा सारा संदर्भ ठेवल्याखेरीज अकोल्याचा कार्यक्रम समजणार नाही. विजूभाऊ लोभी होते म्हणून पिंजरा उभा राहिला, असे म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. त्यांचे चाळीस-पन्नास कामगार बसून होते. दूरदर्शन संचावर पिंजऱ्यातल्या झुंजी पाहून त्यांना वाटले की लोक हे पाहायला येतील, आणि लोक आलेही.

या खेळाला मिश्र मार्शल आर्ट्स म्हणतात. कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध, लाथा, सारे एकत्र. तुमची पाठ जमिनीला लागली तरी लढत संपत नाही. ती संपते तीन प्रकारे: प्रतिस्पर्ध्याने हार मानून थाप मारली तर, वेळ संपून गुण मोजले तर, किंवा लढणाऱ्याला स्वतःचा बचाव करता येत नाही असे पंचाला दिसले तर. तिसरा प्रकार पूर्णपणे पंचाचा. त्यात तो कोणाला विचारत नाही आणि कोणाची वाट पाहत नाही.

विजूभाऊंनी हनीफपुढे वरूडच्या मंगेशची जोड लावली. मंगेशच्या घरी संत्र्याची बाग. बाप आणि काका स्वतः फळ बांधून गाड्या भरत. पोरगा पुण्याला शिकायला गेला आणि तिथे हा खेळ शिकून आला. काटकुळा, चष्मेवाला, बोलायला लाजणारा. विजूभाऊ निराश होऊन म्हणाले, “सर, याले पोस्टरवर कसा टाकू? हा तर बँकेत नोकरी मांगाले आल्यासारखा दिसते.”

लढतीपूर्वी मी दोघांना अमरावतीच्या व्यायामशाळेत बोलावून नियम समजावले. हनीफ माझा शाळेतला विद्यार्थी. पण मी पंच होतो म्हणून त्याला एकट्याला एक शब्दही सांगितला नाही. जे सांगितले ते दोघांना, एकाच सतरंजीवर. या खेळात गळ्यावर मागून जी पकड घालतात तिला पुस्तकातला मराठी शब्द ‘गळफास’. त्या वर्षांत आमच्याकडे तो शब्द कोणी सहज तोंडातून काढत नसे. मीही ‘गळ्याची पकड’ म्हणालो. त्या पकडीत श्वास नव्हे, मेंदूकडे जाणारे रक्त अडते, हे मी मानेवर बोट ठेवून दाखवले. दुखत नाही, म्हणून कळत नाही. काही सेकंदांत माणूस झोपतो. लगेच सोडले तर उठतो. सोडले नाही तर उठेलच असे नाही.

मंगेश चष्मा पुसत एकेक शंका विचारत होता. हनीफ हसत होता.

“हनीफ, पकड बसली आणि सुटत नसेल तर थाप मारायची. समजलं?”

“थाप मारीन नं सर. माह्या मांडीवर!”

“आणि खाली आलास तर पाठीवर वळायचं. दोघांनाही सांगतो आहे. पोटावर पालथं पडाल तर मागचा माणूस गळ्यापर्यंत पोचतो.”

हनीफचे हसू मावळले. “सर, मले जीव मांगा, देतो. पन पाठीवर झोपाले सांगू नका. अब्बा पाहाले येनार हायेत.”

या वाक्यात सारे आले. मातीत वाढलेल्या पोराच्या अंगात पहिली गोष्ट मुरते ती हीच, की पाठ लागता कामा नये. पडताना तो मांजरासारखा वळतो, पोट जमिनीकडे आणि पाठ आभाळाकडे. मातीत हे शहाणपण आहे. पिंजऱ्यात हाच घात.

अकोल्यातल्या मैदानावर मी दुपारीच पोचलो. पिंजरा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तयार झाला होता. भक्कम, पण प्रत्येक सांध्यावर वेल्डिंगचे खडे तसेच. मी त्यांवरून तळवा फिरवला आणि रक्ताळलेला तो विजूभाऊंना दाखवला. सांधे घासून गुळगुळीत करायला आणि खांबांना गाद्या बांधायला लावले. “सर, पब्लिक पिंजरा पाहाले येते, गाद्या नाही!” अशी तक्रार झाली. मग डॉक्टर पाहिले. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. पण मी नाडी कुठे पाहतात असे विचारताच ते विजूभाऊंकडे पाहू लागले. ते एका दवाखान्यातले कंपाउंडर निघाले. खरा डॉक्टर येईपर्यंत मी पिंजऱ्याचे दार उघडणार नाही, असे सांगून मी खुर्ची टाकून दारापुढेच बसलो. तासाभराने एक तरुण डॉक्टरबाई आल्या. वरील लेखक महाशयांनी ‘पंचांच्या हट्टामुळे कार्यक्रमास विलंब झाला’ असे लिहिले आहे. हे मात्र अचूक आहे.

लढत सुरू झाली. पहिल्या फेरीत हनीफने मंगेशला दोनदा उचलून आपटले आणि प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतले. मंगेश प्रत्येक वेळी गुडघे पोटाशी घेऊन शांतपणे पडत होता आणि उठत होता. फेरी संपली. विश्रांतीत हनीफ कोपऱ्यात बसलाच नाही. तो जाळीपाशी गेला आणि ओरडला, “काका, कोन्त्या डावावर पाडू?”

शेकडो गळ्यांतून एकच उत्तर आले: “धोबीपछाड!”

धोबी कपडा आपटतो तसा समोरच्याला खांद्यावरून पुढे आपटायचा, असा हा डाव. त्यासाठी क्षणभर त्याच्याकडे पाठ करावी लागते. दुसरी फेरी सुरू होताच हनीफ वळला, मंगेशचा हात खांद्यावर घेतला आणि असा धोबीपछाड मारला, की पंच असूनही माझ्या तोंडून ‘वा’ निघाले असते. मंगेशची पाठ गादीला लागली. स्वच्छ, दोन्ही खांद्यांनिशी. मातीत मी तिथेच शिट्टी वाजवली असती.

हनीफलाही तसेच वाटले. तो उठला, जाळीकडे तोंड केले आणि प्रेक्षकांना उजवा हात वर करून दाखवला.

तेवढ्यात मंगेश उठून त्याच्या पाठीवर होता. दोघे कोसळले. हनीफ सवयीने पोटावर वळला, पाठ आभाळाकडे. मंगेशचा हात हनुवटीखाली गेला आणि पकड बसली. मी गुडघ्यांवर उतरून हनीफच्या हाताशी गेलो. बोटे मंगेशच्या मनगटात रुतलेली होती. “हनीफ, थाप!” मी म्हणालो. बोटे आणखी रुतली. चेहरा जाळीकडे होता, डोळे उघडे. प्रेक्षकांना वाटत होते पहिलवान दम खातो आहे. मग पायाची बोटे सुटली. मग हाताची. मी मंगेशच्या छातीखाली हात घालून त्याला वर ओढले. त्यानेही क्षणार्धात सोडले, कारण त्यालाही हातात कळले होते.

आता प्रेक्षकांची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी काय पाहिले? मंगेशची पाठ लागली. हनीफची लागलीच नाही. आणि पंचाने हनीफची कुस्ती सोडवली. शिवाय त्यांनी दूरदर्शनवर खोट्या झुंजी पाहिल्या होत्या. तिथे पंच बेशुद्ध माणसाचा हात तीनदा उचलून सोडून पाहतो, आणि तिसऱ्यांदा तो हात हवेतच थांबतो, नायक जागा होतो. “हात पाह्यलाच नाही!” “तीनदा पाहा लागते!” “पैशे खाल्ले!” खुर्च्या जाळीवर येऊन आदळू लागल्या.

डॉक्टरबाईंनी हनीफचे पाय उंच धरले होते. तो जागा झाला आणि त्याने पहिला प्रश्न मला विचारला.

“सर, मंग्याची पाठ लागली होती नं?”

“लागली होती.”

“माही लागली?”

“नाही.”

“मंग थांबवली काहून?”

“तू झोपला होतास.”

“मी? मी जागाच होतो, सर. डोये तर उघडेच होते!”

डॉक्टरबाईंनी त्याला विचारले, तुम्ही आता कुठे आहात? हनीफने आजूबाजूला पाहिले, लोकांचा आवाज ऐकला आणि पूर्ण आत्मविश्वासाने म्हणाला, “चांदूर.”

आणि तो उभा राहिला. झोके खात, पण उभा. मैदानात जो आवाज झाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. विजूभाऊ दाराशी आले. हल्ली ते सभांतून सांगतात, की ‘मीच सरांना म्हटलं, थांबवा, माणूस महत्त्वाचा.’ विजूभाऊ, तुमच्याविषयी मला आदर आहे, म्हणून तुमचे शब्द जसेच्या तसे लिहितो. तुम्ही म्हणालात, “सर, तो उभा हाय. पब्लिक तयार हाय. निकाल राखून ठेवा अन् तेवढी फेरी पुरी होऊ द्या. नाई तं मंडप जाते.”

“उभा तर तुमच्या मंडपाचा खांबही असतो, विजूभाऊ. त्याला कुठे आहेस विचारलं, तर तो चांदूर म्हणतो.”

“मंग बरोबरी द्या! दोघायचे हात वर करा. दंगलीत करता नं तुमी?”

करतो. दंगलीत तोडीस तोड कुस्ती निकाली होत नसेल तर दोघांचे हात वर करणे हा मोठेपणाचा रिवाज आहे. पण त्या घडीला बरोबरीचा अर्थ वेगळा होता. निकाल लागला नाही असे एकदा जाहीर झाले असते, तर त्या लोकांनी आणि स्वतः हनीफने पुन्हा लढत मागितली असती. आणि नुकताच शुद्धीवर आलेला, गाव न आठवणारा माणूस मुठी आणि लाथांपुढे उभा राहिला असता. मंगेश कोपऱ्यातून म्हणाला, “सर, मी नाही खेळणार आता याच्याशी. वाटलं तर मला हरलेला म्हणा.” हे वाक्य आजवर कोणी छापले नाही. मी छापतो आहे.

मी त्याला हरलेला म्हटले नाही. मी मंगेशला हात धरून पिंजऱ्याच्या मध्यभागी नेले आणि तो हात वर केला. एक खुर्ची जाळीवरून आत आली. मग मी विजूभाऊंच्या हातून माईक घेतला आणि म्हणालो, “हनीफ शुद्धीत होता असं ज्याला वाटतं, त्याने आत यावं. मंगेशच्या हातात आपली मान द्यावी. मी तीनदा हात उचलून पाहीन, हळूहळू. नायक व्हायचं असेल त्याने यावं.”

दार उघडेच ठेवले होते. कोणी आले नाही. मागून एक आवाज आला, “विजूभाऊले पाठवा!”

एक जण हसला, मग दहा, मग सारे मैदान. विजूभाऊही हसले, नाइलाजाने. हसणारा माणूस खुर्ची फेकत नाही. ‘पोलिसांनी जमाव पांगवला’ असे छापून आले आहे. पोलीस होते, पण तेही हसत होते. हनीफला मी आणि मंगेशने दोन बाजूंनी धरून बाहेर नेले. त्याचे अब्बा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मुलाची पाठ हाताने झाडून पाहिली. ती स्वच्छ होती.

हनीफ त्यानंतर पिंजऱ्यात उतरला नाही. विजूभाऊंनी पुढे आणखी कार्यक्रम केले, ठरवून केलेले. त्यांत पंच तीनदा हात उचलत असे. मला बोलावणे आले नाही, आणि आले असते तरी मी गेलो नसतो. मंगेश आता बाग पाहतो. खंत एवढीच वाटते, की हनीफच्या धोबीपछाडला टाळी वाजवायची राहून गेली. तसा धोबीपछाड मी पुन्हा पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्यात मुलांच्या कुस्ती स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता. हनीफ प्रमुख पाहुणा, मी पहिल्या रांगेत. तो अंगाने सुटला आहे, पण आवाज तोच. बोलताबोलता त्याने माझ्याकडे बोट केले. “हे आमचे सर. यायनं मले सगयं शिकवलं, अन् माही जितलेली कुस्तीबी यायनंच घालवली! मी जागा होतो जी. इचारा सरायले!”

सभा हसली. त्याची मुलगी, सात-आठ वर्षांची, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती हसली नाही. बापाची कुस्ती घालवणारा माणूस तिने बहुधा पहिल्यांदाच जवळून पाहिला असावा. ती माझ्याकडे अशी पाहत होती, की मी मनातल्या मनात खुर्ची थोडी दूर सरकवली.

आयोजकांनी माईक माझ्यापुढे धरला. “सर, उत्तर द्या!”

इतर सर्वांना मी वर उत्तर दिले आहे, आणि पुन्हा विचाराल तर पुन्हा देईन. पण मंचावर हनीफ दोन्ही हात पसरून, भरल्या आवाजात, एका शब्दालाही न अडखळता माझ्यावर अन्याय करत होता, आणि त्याची मुलगी त्याच्या बाजूने माझ्यावर डोळे वटारत होती. मी माईक परत केला आणि ऐकत बसलो.